टोमॅटोच्या वावरातलं समुद्रपाखरू

लिहायला बसलो आहे खरा, पण हात कचरतो. आमच्या घरात छापील कागद यायचा तो किराणा बांधून. पुडी सोडली की मी तो वाचायचो आणि वाचून झाला की आई चुलीत घालायची. अशा घरातल्या माणसानं आपल्या दिवसांवर लिहावं आणि ते चार लोकांनी वेळ काढून वाचावं अशी अपेक्षा धरावी, हा मला आगाऊपणा वाटतो. त्यातून मी लिहिणार समुद्राबद्दल. जन्म घाटावरच्या डिंगोऱ्याचा, समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा मिसरूड फुटून जुनं झालं होतं. समुद्रावर बोलायचा हक्क त्याच्यात रोज होडी घालणाऱ्यांचा. पण त्याच समुद्रानं एका आषाढात माळशेज घाट चढून आमच्या वाडीत पाऊल ठेवलं, आणि त्यात आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, काम गेलं आणि नावही गेलं. त्या नावाचं काय झालं एवढंच मला सांगायचं आहे. बाकी चुकलंमाकलं वाचकांनी पोटात घालावं.

आमचं घर गावाच्या खालच्या अंगाला, बौद्धवाडीत, कल्याणच्या रस्त्याला लागून. घाट चढून आलेल्या ट्रकनं गिअर बदलला की फळीवरच्या ताटल्या थरथरायच्या. रस्त्याच्या पलीकडे बाळूशेठची पोल्ट्री होती. पत्र्याच्या लांबलचक शेड, आत अंड्यांच्या कोंबड्या. लांबून ऐकलं तर त्या सगळ्यांचा मिळून आवाज मोठ्या पातेल्यात भात रटरटावा तसा यायचा. आबा तिथं कामाला. दाणा मिसळायचा, पाण्याची भांडी धुवायची, अंडी वेचायची. शेडचं दार वाजवल्याशिवाय ते कधी आत जात नसत, कारण एकदम कुणी शिरलं तर कोंबड्या भेदरून कोपऱ्यात गोळा होतात आणि एकमेकींखाली चेंगरून मरतात. ही सवय त्यांच्या अंगात इतकी भिनली होती की संध्याकाळी घरी आले तरी ते आपल्याच घराचं दार आधी वाजवायचे. आई आतून म्हणायची, "या की, आमी न्हाई चेंगरत." फुटकी अंडी घरी आणायची परवानगी होती, त्यामुळे आमच्याकडे कालवण बहुतेक अंड्याचं, नाहीतर सुकटीचं. ओतूरच्या बाजारातून आणलेली सुकट तव्यावर पडली की सगळ्या वाडीला कळायचं. समुद्राचा आमच्याशी एवढाच संबंध, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

बाळूशेठ वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगितलेलं बरं. आबांना ते सदा म्हणून हाक मारत, आजारपणात विचारपूस करत. मी कॉलेजात नाव घातलं तेव्हा त्यांनी रस्त्यातच मला थांबवून सांगितलं, "मिलिंदा, शिक. आमचं येडं पोरगं गाडी उडवीत फिरतंय, तू तरी शिक." मात्र आमच्या घराची पायरी ते कधी चढले नव्हते. काही सांगायचं असलं तर पलीकडून हाक मारायचे आणि आबा रस्ता ओलांडून जायचे. त्याचं आम्हाला काही वाटत नसे, किंवा वाटत असलं तरी कुणी तसं बोलत नसे.

मी जुन्नरला एसटीनं कॉलेजला जायचो. प्राणिशास्त्र घेतलं होतं, का घेतलं ते मलाही नीट सांगता आलं नसतं. वर्गात मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचो आणि शंका आली तर ती घरी घेऊन जायचो. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम पुण्याच्या होत्या. सुट्टी लागली की त्या कोकणात जायच्या आणि किनाऱ्यावरून मैलोन्‌मैल चालत मेलेली पाखरं गोळा करायच्या. आम्हाला ते ऐकून हसू यायचं. पण त्या सांगायला लागल्या की वर्ग गप्प व्हायचा. समुद्रावर अशी पाखरं असतात जी वर्षातला बराच काळ जमिनीला पाय लावत नाहीत. पाण्यावरच जेवतात, पाण्यावरच झोपतात. पावसाळ्यातलं वादळ त्यांना ढकलत किनाऱ्यावर आणतं, कधी घाट ओलांडून आपल्याकडेही फेकतं. "धडधाकट पाखरू वाऱ्याला पुरून उरतं," त्या म्हणायच्या. "आपल्यापर्यंत येतं ते आधीच खंगलेलं. ते कशानं खंगलं, हे मला शोधायचंय. असं कुठलं पाखरू दिसलं तर मला सांगा. हसू नका, सांगा."

एकदा त्यांनी मला विचारलं की तुमच्याकडच्या पोल्ट्रीत दाणा कसला देतात. मी म्हणालो, मका, पेंड आणि मच्छीचा चुरा. दुसऱ्या दिवशी मी तो मूठभर चुरा कागदात बांधून नेला. मॅडमनी तो पांढऱ्या ट्रेमध्ये पसरला आणि चिमट्यानं एकेक कण वेगळा करत गेल्या. नखाएवढी शेपटी. मोहरीएवढा डोळा. एक अख्खा जबडा, त्यात दात होते की नव्हते हे भिंगातून बघावं लागलं. "हे मासे अजून मोठे व्हायचे होते," त्या म्हणाल्या. ट्रॉलरच्या बारीक जाळ्यात समुद्राचा तळ खरवडून येतो. त्यातलं माणसाच्या ताटात जाण्याजोगं ते बाजारात जातं, आणि पोटातली पिल्लं, कोवळी मासळी, खेकड्यांची अंडी हे सगळं वाळवून, भरडून कोंबड्यांना. समुद्रपाखरांच्या वाट्याचं ते. अर्थात अमुक पाखराच्या तोंडचा घास अमुक शेडमध्ये गेला असं बोट ठेवून दाखवता येत नाही, हेही त्यांनी सांगितलं. त्या नेहमीच असं मागे थोडी जागा ठेवून बोलायच्या. मी डब्यातली उरलेली भाकरी खात खात घरी आलो आणि त्या दिवशी मला आबांच्या कपड्यांचा वास पहिल्यांदा वेगळा लागला. ज्या शेडवर माझं शिक्षण चाललं होतं तिचा तो वास होता.

त्या आषाढात वारा असा सुटला की वाडीतले पत्रे दगड ठेवूनही जागेवर राहिनात. वारा पडल्यावर मी बाळूशेठच्या टोमॅटोच्या वावरात गेलो, कारण आडवी झालेली झाडं उभी करायला माणसं हवी होती. एका सरीत बांबूच्या आणि सुतळीच्या गुंत्यात काहीतरी पांढरं अडकलं होतं. मला वाटलं, खताची गोणी. जवळ गेलो तर गोणीनं मान वर केली. बदकापेक्षा मोठं पाखरू. अंग पांढरं शुभ्र, पंखांच्या कडा काळ्या, चोच सुरीसारखी सरळ, आणि बोटांमध्ये पडदा असलेले पाय. त्यानं माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी कितीतरी पाखरं हातात धरली, पण तशी नजर परत पाहिली नाही. त्यात भीती नव्हती. आपण कुठे आलोय हेच त्याला कळत नव्हतं आणि ते विचारायला समोर मी होतो.

मी त्याला टॉवेलात गुंडाळून घरी आणलं आणि आईनं ते डालग्याखाली झाकलं. कोंबडी असो की पाहुणं पाखरू, झाकायला आमच्याकडे एवढंच होतं. वाडीतली माणसं बघायला आली. "मुंबईचं पावणं दिसतंय," कुणीतरी म्हणालं. "पाय बघ की, चप्पल घालूनच आलंय." आईनं पाहुणचार केला. ज्वारी टाकली, ती त्यानं बघितली नाही. मग तिनं बोंबील भिजवून पुढं ठेवले आणि परातीतल्या पाण्यात मूठभर मीठ टाकलं. "आगं काय करतीस?" आबांनी विचारलं. "समुद्रातला जीव हाय," आई म्हणाली, "अळणी पानी कसं पिईल?" पाखरानं बोंबलाला चोच लावली आणि तसाच सोडून दिला. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणून कॉलेज बंद. सोमवारी न्यायचं ठरलं.

रविवारी सकाळी आबा शेडवर गेले आणि थोड्याच वेळात परत आले. दार न वाजवताच आत आले. कोंबड्या पाण्याच्या भांड्यांभोवती तुटून पडल्या होत्या, पिऊन पिऊन पोटं फुगली होती, आणि तिथंच कलंडत होत्या. दुपारपर्यंत एका शेडमधला तो भात रटरटल्यासारखा आवाज थांबला. मी मेलेल्या कोंबड्या पाट्यांत भरून खड्ड्यापर्यंत नेत होतो. आबा जिवंत राहिलेल्यांची भांडी भरत होते, आणि भरतील तशी ती रिकामी होत होती. कुणीतरी शब्द उच्चारला, मानमोडी. कोंबड्यांचा तो रोग आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. त्यात कोंबडीची मान पिळल्यासारखी होते आणि शेडच्या शेड बसते. माना काही पिळल्या नव्हत्या. मी तसं म्हणूनही पाहिलं, पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. "मान मोडू नायतर राहू, रोग त्योच," असं ठरलं. मग तो आला कुठून याचा शोध सुरू झाला आणि फार लांब जावा लागला नाही. रस्त्याच्या अलीकडे, शेडवर काम करणाऱ्या माणसाच्या घरात, परमुलखातलं पाखरू डालग्याखाली बसलं होतं.

ओतूरहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनीही आधी मानमोडीचीच शंका घेतली, दोन मेलेल्या कोंबड्या पिशवीत घातल्या आणि तपासून सांगतो म्हणून गेले. जाताना मी त्यांना दाण्याचं विचारलं. बाळूशेठनी त्याच आठवड्यात बेल्ह्याच्या बाजारात एका टेम्पोवाल्याकडून मच्छीचा नवीन चुरा घेतला होता, आणि मॅडमचा तो ट्रे माझ्या डोक्यातून जात नव्हता. डॉक्टर म्हणाले, "बघू." बाळूशेठ माझ्याकडे बघून म्हणाले, "मिलिंदा, दाना मी हातात घेऊन बघून आनलाय. दान्याचं मला नको शिकवूस." पाखरू की दाणा, हा प्रश्न त्या दिवशी एवढ्या साध्या शब्दांत मांडला गेला होता. त्याचं उत्तर आमच्यापर्यंत यायला किती काळ जाणार आहे हे तेव्हा माहीत असतं तर मी डॉक्टरांच्या स्कूटरमागे पळत गेलो असतो.

दिवस कलायच्या वेळेला आबांना बोलावणं आलं. मीही मागे गेलो. शेडपुढे बाळूशेठ, त्यांची म्हातारी आई, आणि शेजारच्या पोल्ट्र्यांचे मालक उभे होते. त्यांच्या कोंबड्या अजून धड होत्या आणि त्यांचे चेहरे पांढरे पडले होते. मला त्यांचा राग येत नाही. ज्याचं सगळं एका छपराखाली असतं तो माणूस वाऱ्यालाही घाबरतो. म्हातारीनं सांगितलं की मरीआईचा गाडा काढायचा. पूर्वी गावात रोग आला की लहानसा लाकडी गाडा करत, त्यावर लिंबू, कुंकू, हिरव्या बांगड्या आणि कोंबडी ठेवून तो गावाच्या शिवेपार ओढून नेत, म्हणजे रोग पुढच्या गावाला जाई. या वेळी कोंबडीच्या जागी ते पाखरू ठेवायचं होतं. आणि गाडा ओढणारा माणूस कोण, ते पूर्वीपासून ठरलेलं होतं. ते काम आमच्या लोकांचं. माझ्या आजोबांनी तरुणपणी गाडा ओढला होता, आणि धम्म घेतला त्या दिवशी दोरी टाकली ती कायमची.

बाळूशेठ जमिनीकडे बघत म्हणाले, "सदा, मला सोताला हे काय पटत न्हाई. पर मान्सं आयकंनात. तू नेलंस तर लोकांचं समाधान व्हईल. तुमच्यातच व्हती की पद्धत."

"व्हती शेठ," आबा म्हणाले. "माझ्या बापानं सोडली."

"आरं सोडली म्हंजे इसरली का? शीव काय लांब हाय?" मागून एकजण म्हणाला.

 आबांच्या हातात दाण्याचं घमेलं होतं, ते त्यांनी खाली ठेवलं. "पाखरू माझ्या पोरानं आनलं," ते म्हणाले. "ते मी गावात ठिवत न्हाई. आत्ता घेऊन जातो. पर लिंबू न्हाई, कुकू न्हाई, आन् गाडा मी वढायचो न्हाई. ते एसटीनं जाईल."

"हाफ तिकीट काढ बरं का त्याचं," कुणीतरी म्हणालं आणि दोघंतिघं हसले. बाळूशेठ हसले नाहीत. ते म्हणाले, "मंग सदा, उद्याच्याला येऊ नगंस. कोंबड्याच न्हाईत, तर काम तरी काय हाय?" आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. आबांनी मान हलवली आणि आम्ही रस्ता ओलांडला.

जुन्नरची गाडी मिळाली. आबांच्या मांडीवर डालगं, डालग्यावर आईचं जुनं लुगडं. कंडक्टरनं लुगडं उचलून बघितलं. "ही काय कोंबडी म्हनायची का?"

"समुद्रातलं पाखरू हाय सायेब," आबा म्हणाले.

"मंग उलट्या गाडीत बसलाय की राव. समुद्र तिकडं, कल्यानच्या अंगाला."

सगळी गाडी हसली, आबाही हसले, आणि मला रडू फुटेल अशी भीती वाटली म्हणून मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मॅडम जुन्नरला भाड्याच्या खोलीत राहायच्या. आम्ही दार वाजवलं तेव्हा त्यांच्या हातात पोळीचा घास होता. त्यांनी लुगडं बाजूला केलं आणि पाखराच्या छातीवरून बोट फिरवलं. छातीचं हाड धारेसारखं वर आलं होतं. त्यांनी त्याला काहीतरी द्रव पाजायचा प्रयत्न केला. आम्ही तिघं जमिनीवर बसलो होतो, आणि ते आमच्या मधोमध, मान हळूहळू खाली नेत, मेलं. मेल्यावर मॅडमनी त्याचं नाव सांगितलं, बूबी. आबांनी ते एकदा उच्चारून बघितलं.

मॅडम आबांना म्हणाल्या, तुम्ही बाहेर बसा. आबा म्हणाले, मला बघायचंय. त्यांनी पोट उघडलं. आत मासा नव्हता, माशाचा काटाही नव्हता. पिशवीच्या प्लॅस्टिकची चिंधी होती, जाळ्याच्या निळ्या नायलॉनचा पीळ होता आणि टोपणाचा एक तुकडा, कडा झिजलेला. "उपाशी व्हतं," आबा म्हणाले. मॅडम म्हणाल्या, होय, आणि बराच काळ. मग आबांनी मनातला प्रश्न विचारला. "बाई, ह्याच्यामुळं मेल्या का आमच्या कोंबड्या?" मॅडम म्हणाल्या की तसं वाटत नाही; रोगाची खूण दिसत नाही, आणि कोंबड्या इतक्या पाण्यावर तुटून पडल्या असतील तर आधी दाणा तपासायला हवा. "पण शंभर टक्के खात्रीनं मी नाही सांगू शकत. कोंबड्यांची तपासणी आल्यावर कळेल."

त्यात चूक काहीच नव्हतं. पुढे मी स्वतः हेच वाक्य कितीतरी गावांत, कितीतरी लोकांना बोललो आहे, आणि दर वेळी ते बोलताना मला आबांचा चेहरा दिसतो. कारण आबांना त्यातलं फक्त खात्री नाही एवढंच ऐकू आलं. ज्या गावात एका म्हातारीला पूर्ण खात्री होती तिथं परत जाताना आमच्या हातात ही अशी अर्धी खात्री होती. परतीच्या गाडीत रिकामं डालगं माझ्या मांडीवर होतं. आबा एकच वाक्य बोलले. "मिलिंदा, तुझं शिक्षान कालेजात ठिवत जा. घरी आनू नगंस."

तपासणीचं काय झालं ते आम्हाला कळलं नाही. मी दोनदा ओतूरला जाऊन आलो. पहिल्यांदा डॉक्टर फिरतीवर होते, दुसऱ्यांदा त्यांची बदली झाली होती. बाळूशेठच्या शेडमध्ये नवीन पिल्लं आली आणि नवीन माणूस आला. शेजारच्या कुठल्याच शेडमध्ये रोग गेला नाही. त्यावर लोक म्हणाले, पाखरू वेळेवर गावाबाहेर गेलं म्हणून. आबा कांद्याच्या वखारीवर गोण्या उचलायला जाऊ लागले, त्या वयात. वखारीवर त्यांना चिडवायचे, "सदाभाऊ, आज काय आनलंय डालग्यात?" ते हसून घ्यायचे. पण मला कळत होतं की रोग आपल्याच घरातून गेला हे त्यांनी मनाशी मान्य केलं आहे. कुणाच्या कोंबडीला कधी हात लावावा लागला तर ते आधी हात धुवायचे. गाडा ओढला नाही याचा त्यांना एक क्षणही पस्तावा नव्हता. मात्र ज्या माणसाचं मीठ खाल्लं त्याचं आपल्या घरातून नुकसान झालं, हे त्यांच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं.

आणि मग गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी बाळूशेठ आमच्या घरी आले. हाक न मारता, रस्ता ओलांडून, पायरी चढून. आईची धांदल उडाली. ते सतरंजीवर बसले, म्हणाले, "सदा, झालं गेलं इसरून जा. माज्या मनात काय न्हाई." आईनं चहा केला. तो ते प्यायले. आमच्या घरातला पहिला चहा. कामावर परत ये असं काही म्हणाले नाहीत, आबांनीही विचारलं नाही. पण तो चहा आबांना पुढची सगळी वर्षं पुरला. पाहुणा आला की आबा सांगायचे, "मोठ्या मनाचा मानूस. आपल्या हातून येवढा नास झाला, तरी सोता चालत आला, च्या घेतला." मी ते ऐकत उभा असायचो. पाखराची बाजू घ्यायला माझ्याकडे तेव्हाही अर्धीच खात्री होती.

शिक्षण पुरं झाल्यावर मॅडमनी मला आपल्या कामात घेतलं. दर पावसाळ्यात किनारा चालायचा, मेलेली पाखरं मोजायची, पोटात काय निघतं ते लिहायचं; आणि बाकीच्या दिवसांत बंदरांवर उतरणारी मासळी बघायची. ती वर्षागणिक बारीक होत जाताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. आता पन्नाशी उलटली, गुडघे वाळूत कुरकुरतात, पण अजून जातो. बर्ड फ्लूचा बोलबाला झाला त्या वर्षी मात्र मी गावी गेलो नाही. वाडीतली जुनी चेष्टा पुन्हा ऐकायची छाती नव्हती.

त्यानंतर थोड्याच काळानं मी कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी, जिथं कोंबड्यांच्या दाण्यासाठी मासळी वाळवतात, तिथं पाखरं मोजत उभा होतो. वाळत घातलेल्या मासळीवर कुरव आणि सुरय उतरत होते आणि बायका त्यांना काठीनं हाकलत होत्या. एक टेम्पोवाला माल भरून घेत होता. माझं बोलणं ऐकून त्यानं विचारलं, "पावनं, तुमी देशावरलं दिसताय. कुठलं?" मी म्हणालो, डिंगोऱ्याचा. "आरं तिच्या! मी मंचरचा," तो म्हणाला आणि त्यानं मला बसवूनच घेतलं. आंबेगाव, जुन्नरच्या सगळ्या पोल्ट्र्यांना त्यानं माल घातला होता. मग आपणहोऊनच सांगायला लागला. "तुमच्या डिंगोऱ्याला मी एकदा मार खाता खाता वाचलोय राव. पाऊस आधीच लागला व्हता, माल वाळंना. सडू नाय म्हनून हितल्या मालकानं त्याच्यात मीठ मारलं, लई मारलं. मला काय ठावं? मी इकला बेल्ह्याच्या बाजारात. मंचरला दोन शेड बसल्या, आन् डिंगोऱ्यात एका शेठची. पानी पिऊन पिऊन मेल्या."

मी विचारलं, मिठानं मेल्या हे कुणी ठरवलं. 

"डाक्टरनं तपासून सांगितलं ना त्या शेठला. नागपंचमीच्या आदल्या बाजाराला त्यानं माझी गचांडीच धरली. शिव्या दिल्या, आन् मंग टेम्पोच्या फळीला टेकून खालीच बसला. म्हनला, कुनाला बोलू नगंस. सोता हातात घेऊन, पारखून आनला म्हनून गावभर सांगितलंय, आता लोकं त्वांडात शान घालतील."

नागपंचमी श्रावणात. गौरी भाद्रपदात. मी वाळूत बसून हे पुन्हा पुन्हा जुळवून बघितलं, आणि दर वेळी ते तसंच आलं. आमच्या सतरंजीवर बसून, माझ्या मनात काही नाही म्हणत चहा पिताना बाळूशेठना सगळं माहीत होतं.

मी तसाच गावी गेलो. बाळूशेठ जाऊन तेव्हा दोन पावसाळे झाले होते, त्यामुळे विचारायचं असं कुणी उरलं नव्हतं. आबा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. मी त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, मीठ, मंचरच्या शेड, बेल्ह्याचा बाजार, नागपंचमी. त्यांचे हात थांबले नाहीत. सांगून संपलं तरी ते आणखी थोड्या शेंगा फोडत राहिले.

"म्हंजे च्याला आला तवा ठावं व्हतं त्याला," ते म्हणाले.

"होय आबा."

"तरीच," आबा म्हणाले. "वर मान म्हनून केली न्हाई. सारखा कपाकडंच बघत व्हता. मला वाटलं, कपाचा कान तुटलाय म्हनून बघतोय."